परत आलेला हर्निया, की राहून गेलेला?

सरकारी रुग्णालयाच्या बालशल्यचिकित्सा विभागात अधूनमधून एक ठरावीक प्रसंग घडतो. सात-आठ वर्षांचे मूल आईचा हात धरून येते. आईच्या दुसऱ्या हातात प्लॅस्टिकची पिशवी, तीत जपून ठेवलेले जुने केसपेपर. वर्ष-दीड वर्षापूर्वी मुलाच्या उजव्या जांघेतील हर्नियाचे ऑपरेशन झालेले असते. जखम चांगली भरलेली असते, मूल शाळेतही जाऊ लागलेले असते. आणि काही महिन्यांतच एके दिवशी आंघोळ घालताना आईला पुन्हा त्याच बाजूला फुगवटा दिसतो.

‘‘डॉक्टर, ऑपरेशन नीट झालं नव्हतं का हो?’’ हा आईचा पहिला प्रश्न असतो. ‘‘हर्निया परत परत येतोच म्हणतात,’’ हे शेजारच्यांनी आधीच सांगून ठेवलेले असते. सोबत आलेल्या आजीचे मत वेगळेच असते. ‘‘पायाला ठेच लागली होती, अवधाण आलं असेल. गरम शेक दिला की जाईल.’’

तिघींपैकी कोणाचे बरोबर? काही मुलांमध्ये आधीचा हर्निया खरोखरच परत आलेला असतो. काहींमध्ये ती साधी लसिकाग्रंथीची सूज, म्हणजे अवधाणच असते. पण काही मुलांमध्ये यापैकी काहीच नसते. पहिले ऑपरेशन व्यवस्थित झालेले असते, जी वाट बंद करायची होती ती नीट बंदही झालेली असते. मात्र फुगवटा त्या वाटेने येतच नसतो. शेजारी आणखी एक वाट असते आणि ती पहिल्या दिवसापासून उघडीच राहिलेली असते. मुलांमधल्या जांघेच्या दुर्मिळ हर्नियांची ही गोष्ट आहे. दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेमुळे त्यांचे निदान आणि उपचार, दोन्ही बदलले आहेत.

जांघेतल्या तीन वाटा

हर्नियाला मराठीत अंतर्गळ म्हणतात. शब्द अर्थपूर्ण आहे. आतले काहीतरी गळून बाहेर येणे. पोटाच्या भिंतीत जिथे कमकुवत जागा किंवा छिद्र असते, तिथून पोटाचे आतले अस्तर पिशवीसारखे बाहेर येते. त्या पिशवीत आतडे, आतड्यावरची चरबी, मुलींमध्ये कधी बीजांडकोश उतरतो. मूल रडले, खोकले, कुंथले की पोटातला दाब वाढून फुगवटा दिसतो. झोपले की तो नाहीसा होतो.

जांघेत अशा तीन वाटा आहेत. त्यापैकी एक मुलांमध्ये नेहमीची आणि उरलेल्या दोन दुर्मिळ.

नेहमीची वाट जन्माआधीच्या घडामोडींतून तयार होते. मुलाचे वृषण सुरुवातीला त्याच्या पोटात, मूत्रपिंडांच्या जवळ असतात. गर्भारपणाच्या शेवटच्या तीन महिन्यांत ते जांघेतून खाली अंडकोषाच्या पिशवीत उतरतात. त्यांच्यासोबत पोटाच्या अस्तराचा एक पदर बोटमोज्यासारखा खाली जातो. जन्माच्या सुमारास हा पदर आपोआप मिटायला हवा. तो उघडा राहिला तर त्यातून आतडे उतरते. हाच मुलांमधला नेहमीचा इन्ग्वायनल हर्निया. वैद्यकीय भाषेत त्याला ‘इनडायरेक्ट’ म्हणतात. मुलींमध्येही गर्भाशयाला आधार देणाऱ्या एका दोरीबरोबर असाच पदर असतो. डच शरीररचनातज्ज्ञ अँटॉन नक यांनी १६९१ मध्ये त्याचे वर्णन केले, म्हणून त्याला नक यांचे नाव मिळाले.

पूर्ण दिवसांच्या शंभर बाळांपैकी एक ते पाच बाळांना हा हर्निया होतो. दिवस भरण्याआधी जन्मलेल्या बाळांत हे प्रमाण बरेच जास्त असते, कारण पदर मिटायला पुरेसा वेळच मिळालेला नसतो. मुलींपेक्षा मुलग्यांत आणि डावीपेक्षा उजवीकडे तो अधिक आढळतो. उजवा वृषण थोडा उशिरा उतरतो, हे त्याचे कारण मानले जाते.

दुसरी वाट ‘डायरेक्ट’ हर्नियाची. इथे जन्मजात उघडा राहिलेला पदर नसतो. जांघेच्या मागच्या भिंतीचाच एक त्रिकोणी भाग सैल असतो आणि तो थेट पुढे फुगतो. हा त्रिकोण जर्मन शल्यविशारद फ्रान्झ हेसेलबाख यांच्या नावाने ओळखला जातो. म्हाताऱ्या माणसांत हा प्रकार नेहमी दिसतो, कारण वयानुसार भिंत कमजोर होते. लहान मुलांत तो क्वचितच असतो. फार लवकर जन्मलेली मुले आणि शरीरातील जोडऊती जन्मतः सैल असण्याचे आजार असलेली मुले यांच्यात त्याची शक्यता जास्त. आधी त्याच बाजूला ऑपरेशन झालेल्या मुलांतही तो आढळतो.

तिसरी वाट जांघेच्या घडीच्या खाली, मांडीच्या मुळाशी असते. पोटातून पायाकडे जाणारी मोठी रोहिणी आणि नीला तिथून मांडीत उतरतात. नीलेच्या आतल्या बाजूला एक छोटी मोकळी जागा असते. पायातून रक्त परत येताना नीला फुगते, तिला जागा मिळावी म्हणून निसर्गाने केलेली ही सोय. त्या जागेत थोडी चरबी आणि एखादी लसिकाग्रंथी असते. काही मुलांत या जागेचे तोंड जरुरीपेक्षा रुंद असते आणि तिथून पोटातले अस्तर खाली सरकते. हा फेमोरल हर्निया. मुलांमधल्या जांघेच्या सर्व हर्नियांत त्याचा वाटा शंभरात एकापेक्षाही कमी आहे. बहुतेक वेळा तो तान्ह्या बाळांत दिसत नाही, शाळकरी वयात दिसतो.

चुकामूक कशी होते?

फेमोरल हर्निया ओळखण्याची पुस्तकी खूण सोपी आहे. जांघेच्या घडीच्या वर फुगवटा असेल तर इन्ग्वायनल, खाली असेल तर फेमोरल. पण पुस्तकातली खूण आणि ओपीडीतले मूल यांत फरक असतो. गुटगुटीत मुलाच्या जांघेत घडी नेमकी कुठे हेच कळत नाही. मूल रडत असते, पाय झाडत असते. फेमोरल हर्निया मोठा झाला की तो मांडीवरून वर वळतो आणि इन्ग्वायनलच्या जागी आल्यासारखा दिसतो. त्यात भर म्हणजे डॉक्टरांकडे नेले की तो बहुतेक वेळा दिसतच नाही. मग आईने बोटाने दाखवलेल्या जागेवर भिस्त ठेवावी लागते.

दुसरे कारण आकड्यांचे. जांघेच्या हर्नियाची जवळजवळ सगळीच मुले नेहमीच्या प्रकारातली असतात. मुलांच्या हर्नियांची कित्येक ऑपरेशने केलेल्या डॉक्टरांनीही दुर्मिळ प्रकार मोजकेच पाहिलेले असतात. जांघेत फुगवटा म्हटले की नेहमीचेच निदान आधी मनात येते, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही असते.

तिसरे कारण अवधाणाचे. पायाला जखम, खरूज किंवा गळू झाले की जांघेत गाठ येते, हे घरोघरी माहीत असते. फेमोरल हर्नियाचे छोटे तोंड चरबीने भरलेले असेल तर तोही अशीच घट्ट, न हलणारी लहान गाठ म्हणून हाताला लागतो. त्या जागी लसिकाग्रंथी असतेच, त्यामुळे गोंधळ वाढतो. काही मुलांना अशा गाठीसाठी महिनाभर प्रतिजैविके दिली जातात. गाठ काढायला जावे आणि आत हर्नियाची पिशवी सापडावी, असेही घडते.

चौथे कारण खुद्द ऑपरेशनमध्ये आहे. मोठ्यांच्या हर्नियात भिंत मजबूत करावी लागते, त्यासाठी बहुधा जाळी बसवतात. मुलांच्या नेहमीच्या हर्नियात भिंत चांगलीच असते, चूक फक्त न मिटलेल्या पदराची. म्हणून जांघेवर दोन-तीन सेंटिमीटरचा छेद घेऊन तो पदर शोधायचा, मुळाशी बांधायचा आणि मोकळे व्हायचे. उत्तम, छोटे आणि शंभराहून अधिक वर्षे सिद्ध झालेले हे ऑपरेशन आहे. अनुभवी हातांत शंभरातील एखाद्याच मुलाला हर्निया पुन्हा होतो.

पण ज्या मुलाचा हर्निया फेमोरल वाटेचा आहे, त्याच्या जांघेत छेद घेतला तर काय दिसेल? पदर सापडत नाही किंवा अगदी बारीक सापडतो. शल्यविशारद तो बांधतात. ‘पिशवी छोटी होती’ अशी नोंद होते. ज्या वाटेने आतडे उतरत होते ती वाट छेदाच्या खाली, नजरेआड राहते. जखम भरते, सूज उतरते आणि काही आठवड्यांत किंवा महिन्यांत फुगवटा पुन्हा दिसतो. कागदावर ‘हर्निया परत आला’ असे लिहिले जाते. प्रत्यक्षात तो गेलेलाच नसतो.

म्हणूनच मुलाच्या ऑपरेशननंतर लवकरच पुन्हा फुगवटा दिसला तर तीच शस्त्रक्रिया त्याच छेदातून पुन्हा करण्याआधी थांबून विचार करायला हवा. ही जुनी वाट आहे की वेगळी?

मोबाइलमधला फोटो आणि सोनोग्राफी

निदानाची सुरुवात आजही विचारपूस आणि तपासणीनेच होते. मुलाला झोपवून आणि उभे करून, दोन्ही प्रकारे पाहतात. थोड्या मोठ्या मुलाला फुगा फुगवायला सांगतात, उड्या मारायला लावतात, खोकायला सांगतात. वृषण दोन्ही बाजूंना खाली उतरलेले आहेत ना, हे पाहतात, कारण वर राहिलेला वृषणही जांघेत गाठीसारखा लागतो. अंडकोषात पाणी साठलेले असेल तर टॉर्चचा प्रकाश आरपार दिसतो. मात्र तान्ह्या बाळाचे पातळ आतडेही प्रकाश आरपार सोडते, त्यामुळे केवळ टॉर्चवर विसंबता येत नाही.

गेल्या काही वर्षांत एक साधी गोष्ट फार उपयोगी ठरली आहे. ती म्हणजे आईबाबांच्या मोबाइलमधला फोटो. घरी फुगवटा दिसेल त्या क्षणी मुलाला उभे करून समोरून फोटो काढावा. जांघेची घडी, बेंबी आणि दोन्ही बाजू एकाच फोटोत याव्यात. असा फोटो असेल तर फुगवटा घडीच्या वर आहे की खाली, हे डॉक्टरांना कळू शकते. हा फोटो डॉक्टरांना दाखवण्यापुरताच ठेवावा, नातेवाइकांच्या गटात पाठवू नये, हे सांगायला नको.

सोनोग्राफीचाही उपयोग होतो. मोठ्या नीलेच्या आतल्या बाजूला, मूल जोर करताना काही सरकते का, हे अनुभवी तज्ज्ञ पाहू शकतात. लसिकाग्रंथी आणि हर्निया यांतला फरकही बहुधा कळतो. पण मूल शांत झोपलेले असेल आणि पिशवी रिकामी असेल तर सोनोग्राफी ‘नॉर्मल’ येऊ शकते. नॉर्मल अहवाल आला म्हणजे हर्निया नाहीच, असे नव्हे.

आतून पाहण्याची सोय

इथे दुर्बीण कामाला येते. पोटात नळी घालून आत पाहण्याची कल्पना जुनी आहे. स्वीडनमधील हान्स ख्रिश्चन याकोबेउस यांनी १९१० मध्ये माणसाच्या पोटात अशी तपासणी केल्याचे प्रसिद्ध केले. जर्मनीत एरिक म्यूए यांनी १९८५ मध्ये दुर्बिणीतून पित्ताशय काढले. महाराष्ट्राचा या इतिहासाशी जवळचा संबंध आहे. डॉ. तेहेम्टन उडवाडिया यांनी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात १९७२ मध्ये निदानासाठी दुर्बीण वापरायला सुरुवात केली आणि १९९० मध्ये तिथेच देशातली दुर्बिणीद्वारे पित्ताशयाची पहिली शस्त्रक्रिया केली. महागडे तंत्र सरकारी रुग्णालयातल्या गरीब रुग्णाच्याही उपयोगाचे आहे, हे त्यांनी दाखवून दिले.

मुलांसाठी उपकरणे बारीक व्हावी लागली. मोठ्यांसाठी दहा मिलिमीटरची दुर्बीण चालते. मुलांसाठी तीन ते पाच मिलिमीटरची वापरतात. बेंबीतून ती आत जाते. कार्बन डायऑक्साइड वायूने पोट हलकेसे फुगवले जाते, तेही मोठ्यांपेक्षा कमी दाबाने. मूल अर्थातच पूर्ण भुलीखाली असते.

पडद्यावर जांघ आतून दिसू लागते आणि बाहेरून जे चाचपडत शोधावे लागत होते ते समोर मांडल्यासारखे दिसते. मुलग्यांत वीर्यवाहिनी एका बाजूने आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या दुसऱ्या बाजूने येऊन जिथे मिळतात, तिथे आतले दार. ते बंद असेल तर अस्तर सपाट, उघडे असेल तर काळोखी विवर. त्याच्या आतल्या कडेने पोटाच्या भिंतीत वर चढणारी एक रक्तवाहिनी दिसते. शेतांमधल्या बांधासारखा तिचा उपयोग होतो. बांधाच्या बाहेरच्या बाजूला छिद्र असेल तर नेहमीचा हर्निया. आतल्या बाजूला खळगा असेल तर डायरेक्ट. आणि या दोहोंच्या खाली, आडव्या तंतुमय पट्टीच्या पलीकडे, मोठ्या नीलेला लागून खाच असेल तर फेमोरल. कधी दोन वाटा एकाच वेळी उघड्या असतात. बांधाच्या दोन्ही बाजूंनी पिशव्या उतरतात आणि पाटलोणीच्या दोन पायांसारख्या दिसतात. बाहेरून अशा मुलात एकच फुगवटा दिसतो.

दुर्बीणसुद्धा आपोआप निदान करत नाही. फेमोरल वाटेच्या तोंडावर चरबी बसलेली असेल तर आतून ती जागा सपाट वाटते. मग शल्यविशारद बाहेरून मांडीवर दाब देऊन पाहतात, आतून ती चरबी चिमट्याने ओढून पाहतात, गरज पडल्यास अस्तर उचलून मागची जागा तपासतात. शोधायचे काय हे ठाऊक असेल तरच ते सापडते. दारापाशी काही दिसले नाही तर इतर दोन जागा मुद्दाम पाहायच्या, ही शिस्त दुर्बिणीइतकीच महत्त्वाची आहे.

पिशवीत काय उतरले आहे तेही आतून कळते. कधी तिथे अपेंडिक्स सापडते. १७३५ मध्ये लंडनमध्ये क्लॉडियस अमियाँ यांनी अकरा वर्षांच्या एका मुलाच्या हर्नियावर शस्त्रक्रिया केली, तेव्हा पिशवीत टाचणीने छिद्र पडलेले अपेंडिक्स होते. त्यांनी ते काढले. यशस्वीपणे अपेंडिक्स काढल्याची ही पहिली ज्ञात नोंद मानतात. भुलीचा शोध लागायला तेव्हा शंभराहून अधिक वर्षे होती. त्या मुलाने ते सारे जागेपणी सोसले.

प्रत्येक वाटेला वेगळे कुलूप

नेहमीच्या हर्नियात दुर्बिणीतून करायचे काम थोडे असते. आतल्या दाराभोवती अस्तराखालून दोरा फिरवायचा आणि वीर्यवाहिनी व रक्तवाहिन्या वगळून दार आवळायचे. जपान, पोलंड आणि इतर देशांतील बालशल्यविशारदांनी यासाठी त्वचेतून सुई घालून दोरा फिरवण्याच्या युक्त्या शोधल्या. पोलंडच्या दारिउश पात्कोव्स्की यांनी २००६ मध्ये प्रसिद्ध केलेली पद्धत अनेक ठिकाणी वापरली जाते. तिच्यात दुर्बिणीखेरीज फक्त सुईच्या टोकाएवढे छिद्र लागते.

दुर्मिळ हर्नियांना एवढे पुरत नाही. डायरेक्ट प्रकारात भिंतच सैल असते, त्यामुळे पिशवी बांधून उपयोग नाही. आत ओढून घेतलेल्या खळग्याच्या वरची स्नायूंची कमान आणि खालची तंतुमय पट्टी टाक्यांनी जवळ आणतात. बेंबीकडे जाणारी, जन्मानंतर निकामी झालेली नाळेची दोरी शेजारीच असते. काही शल्यविशारद तीच ओढून त्या जागेवर ठिगळासारखी शिवतात. मुलाच्या स्वतःच्या शरीराचे ठिगळ असल्यामुळे परकी वस्तू आत ठेवावी लागत नाही.

फेमोरल प्रकारात आधी खाली उतरलेली पिशवी आणि चरबी अलगद वर ओढून घेतात. मग वरची तंतुमय पट्टी आणि खाली हाडावर असलेला चिवट पदर यांना न विरघळणाऱ्या धाग्याचे दोन-तीन टाके घालून जागा लहान करतात. हा चिवट पदर ॲस्टली कूपर या इंग्रज शल्यविशारदांच्या नावाने ओळखला जातो. कस लागतो तो शेवटच्या टाक्याला. लगतच मोठी नीला असते. टाका सैल राहिला तर वाट उघडी राहते, जास्त आवळला तर नीला दाबली जाऊन पायाला सूज येऊ शकते. इथे काही मिलिमीटरचा हिशेब असतो.

जाळी का नाही? मोठ्यांमध्ये ती वरदान ठरली आहे, पण मूल वाढत असते आणि जाळी वाढत नाही. शिवाय ती वीर्यवाहिनीला चिकटण्याची भीती असते. म्हणून मुलांमध्ये शक्यतो मुलाच्याच ऊतींनी काम भागवतात. किशोरवयात, फार मोठी वाट असेल तर वेगळा विचार होऊ शकतो.

दुर्बीण म्हणजेच उत्तम, असे नाही

एवढे वाचून प्रत्येक मुलाचे ऑपरेशन दुर्बिणीनेच करावे, असे वाटेल. तसे नाही. नेहमीच्या, स्पष्ट निदान झालेल्या हर्नियासाठी जांघेवरचा छोटा छेद आजही तितकाच चांगला आहे. त्याला वेळ कमी लागतो, पोटात वायू भरावा लागत नाही, खर्चही कमी. अशक्त, फार लहान किंवा फुप्फुसांचा त्रास असलेल्या बाळात वायूचा दाब आणि त्यासाठी लागणारी भूल यांचा विचार करून भूलतज्ज्ञ छेदाचीच शिफारस करू शकतात. फेमोरल हर्नियाही बाहेरून नीट दुरुस्त करता येतो, निदान आधी झालेले असेल तर.

दुर्बिणीचा खरा फायदा शंका असलेल्या मुलांना होतो. फुगवटा घडीच्या खाली आहे, ऑपरेशननंतर तो लगेच पुन्हा दिसू लागला आहे किंवा पहिल्या ऑपरेशनमध्ये पिशवी सापडलीच नव्हती, अशा मुलांमध्ये आतून एकदा पाहणे म्हणजे अंदाजावर दुसरा छेद घेणे टाळणे. त्याच जागी पुन्हा छेद घेताना जुन्या व्रणात वीर्यवाहिनी आणि वृषणाच्या रक्तवाहिन्या गुरफटलेल्या असतात आणि त्यांना इजा होण्याचा धोका वाढतो. आतली बाजू मात्र पहिल्या छेदाने बिघडलेली नसते.

लहान मुलांची बारीक उपकरणे, बालशल्यविशारद आणि मुलांची भूल देण्याचा सराव असलेले भूलतज्ज्ञ हे सगळे जमेल तिथेच ही शस्त्रक्रिया करणे योग्य. वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत ही सोय असण्याची शक्यता जास्त. फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघर येथून सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके अंगणवाड्या आणि शाळांमध्ये मुलांची तपासणी करतात. जांघेत फुगवटा येत असेल तर त्या दिवशी मुलाला शाळेत पाठवावे आणि पथकातील डॉक्टरांना तो आवर्जून सांगावा. लाजेपोटी मुले स्वतः सांगत नाहीत, विशेषतः आठ-दहा वर्षांची.

कधी थांबायचे नाही?

हर्निया वाट पाहून बरा होत नाही. पट्टा, घट्ट लंगोट, लेप, मालिश यांनी वाट मिटत नाही, उलट मधला काळ वाया जातो. निदान झाले की फार लांबवू नये. तान्ह्या बाळात तर लवकरच करावे, कारण त्यांच्यात आतडे अडकण्याचा धोका सर्वांत जास्त. फेमोरल वाटेचे तोंड अरुंद आणि कडा कडक असते, त्यामुळे त्यातही अडकण्याची भीती राहते.

आत-बाहेर होणारा फुगवटा अचानक आत जाईनासा झाला, टणक झाला, हात लावू देईना, वरची त्वचा लाल झाली, मूल सतत रडू लागले, उलट्या सुरू झाल्या, उलटीचा रंग हिरवा झाला किंवा पोट फुगले, तर ही तातडीची वेळ आहे. अडकलेल्या आतड्याचा रक्तपुरवठा काही तासांत बंद पडू शकतो. मुलग्यात वृषणाला आणि मुलीत पिशवीत अडकलेल्या बीजांडकोशालाही धोका पोहोचतो. अशा वेळी गाठ दाबून आत ढकलण्याचा प्रयत्न घरी करू नये, शेक देऊ नये. मुलाला तोंडाने काही देऊ नये आणि सकाळची वाट न पाहता शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात न्यावे.

शस्त्रक्रिया ठरली की पालकांनी काही गोष्टी विचाराव्यात. हर्निया नेमका कोणत्या प्रकारचा वाटतो? आत वेगळे काही सापडले तर काय करणार? आणि ऑपरेशननंतर डिस्चार्ज कार्डावर कोणती वाट सापडली व कशी बंद केली, हे लिहिलेले आहे ना? ‘हर्नियाचे ऑपरेशन केले’ एवढ्या एका ओळीचा पुढच्या डॉक्टरांना फारसा उपयोग होत नाही. उपाशी ठेवण्याच्या वेळा भूलतज्ज्ञ सांगतील त्या काटेकोर पाळाव्यात. नेहमीच्या ऑपरेशननंतर बहुतेक मुले त्याच दिवशी किंवा दुसऱ्या दिवशी घरी जातात. दुर्मिळ प्रकारात टाके स्नायूंवर असल्याने सायकल, कबड्डी, झाडावर चढणे यांना काही आठवडे सुट्टी द्यावी लागते. खोकला आणि बद्धकोष्ठता असेल तर तिचा उपचार त्याच वेळी करावा.

सुरुवातीच्या त्या आईकडे परत वळू. तिच्या मोबाइलमध्ये फोटो सापडतो. फुगवटा जुन्या व्रणाच्या खाली, मांडीच्या मुळाशी दिसतो. दुर्बिणीतून आत पाहिल्यावर पहिल्या ऑपरेशनमध्ये बंद केलेले दार पक्के बंद असल्याचे दिसते आणि त्याच्या खाली, नीलेला लागून, बोटाचे टोक जाईल एवढी वाट. ती बंद केली जाते. दुसऱ्या दिवशी वॉर्डात डॉक्टर आईला सांगतात, ‘‘ताई, पहिल्या डॉक्टरांनी त्यांचं काम नीट केलं होतं. हा दुसरा हर्निया होता, तो तेव्हा दिसला नव्हता.’’ आई जुने आणि नवे केसपेपर एकत्र करून पुन्हा त्याच पिशवीत ठेवते. ते तिने तसेच जपून ठेवावेत.